आईशी हुज्जत घालायची नाही : स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला घरी सांभाळायला लागलेल्यांसाठी

संध्याकाळचे साडेपाच. आई दाराशी उभी होती. हातात कापडी पिशवी. पिशवीत एक टॉवेल, देव्हाऱ्यातला पितळी गणपती, चष्म्याची रिकामी डबी आणि दोन कांदे. "चला, मी निघते. सहाची एसटी चुकली तर मग एकदम रात्रीचीच आहे," ती म्हणाली. तिला वाईला घरी जायचं होतं. वाईचं घर विकून तेव्हा चार वर्षं झाली होती.

मी तिला खरं ते सांगितलं. "आई, बाबा गेल्यावर आपण ते घर विकलं. तू आता पुण्यात असतेस, माझ्याकडे."

"कुणी विकलं? मला न विचारता?"

मग मी कपाटातून खरेदीखताची झेरॉक्स काढली आणि शेवटच्या पानावरची तिची सही दाखवली. आयुष्यभर शाळेत हजेरीपट लिहिलेल्या बाईची वळणदार सही. तिने सहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिची हनुवटी थरथरायला लागली. "तुम्ही सगळ्यांनी मिळून मला फसवलंत." त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी साडेपाचला पिशवी घेऊन पुन्हा दाराशी. खरेदीखत तिला आठवत नव्हतं, सहीसुद्धा नाही. पण माझ्याकडे बघणारी नजर आदल्या रात्रीचीच होती.

असं आमच्याकडे दोन महिने चाललं. दर वेळी पुरावा माझ्या बाजूने असायचा आणि दर वेळी घर रात्रभर धुमसत राहायचं. त्या दोन महिन्यांत जे मला कुणीतरी सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे. आई, वडील, सासू, सासरे, आजी, आजोबा, ज्यांच्या घरी कुणाच्या बाबतीत डॉक्टरांनी नुकताच 'स्मृतिभ्रंश' किंवा 'डिमेन्शिया' हा शब्द उच्चारला आहे, त्यांच्यासाठी. अशी घरं थोडी नाहीत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे की भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के माणसांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना हा त्रास आहे.

सगळ्यात आधी तपासणी

गप्प राहायला शिकण्याआधी एक गोष्ट करा. "वय झालं, चालायचंच", "साठी बुद्धी नाठी" असं म्हणून घरीच निदान करू नका. विसरण्याची काही कारणं बरी होणारी असतात. बी-१२ ची कमतरता हे त्यातलं मोठं कारण. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या आपल्या घरांत ती फार आढळते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर आणखी जास्त. थायरॉइड कमी असणं, नैराश्य, पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साकळलेलं रक्त यांनीही माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. न्यूरोलॉजिस्टला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, रक्त तपासा, सांगितलं तर स्कॅन करा.

याच वेळी कान आणि डोळेही तपासून घ्या. आमच्या निम्म्या भांडणांच्या मुळाशी आईच्या डाव्या कानातला मळ होता, हे मला फार उशिरा कळलं. मी "औषध घे" म्हणायचे आणि तिला भलतंच ऐकू जायचं.

वाद का चालत नाही

डिमेन्शिया हा एक आजार नाही. अनेक आजारांचं ते मिळून दिसणारं रूप आहे. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा अल्झायमर. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने १९०६ मध्ये आपल्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत दिसलेले बदल डॉक्टरांच्या सभेत मांडले, त्यावरून हे नाव आलं. या आजारात मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बहुधा लवकर बिघडतो. नवीन गोष्ट मनात उतरवून ठेवणं हे त्याचं काम. म्हणून चाळीस वर्षांपूर्वीची शाळेतली इन्स्पेक्शन आठवते आणि आजची दुपारची आमटी आठवत नाही.

वाद घालताना आपण नेमकं काय करत असतो? समोरच्याला एक नवीन माहिती देतो, त्याने ती जुन्या माहितीशी ताडून पाहावी आणि मत बदलावं अशी अपेक्षा करतो. यातलं प्रत्येक काम ज्या यंत्रणेने करायचं, तीच मोडलेली आहे. त्यात आपल्याला आजार आहे हे बऱ्याचदा त्या माणसाला समजतच नाही. तो हट्ट नसतो, तीही आजाराचीच खूण.

आणि आता महत्त्वाचं. माहिती राहत नाही, पण भावना राहते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखाच्या आणि आनंदाच्या चित्रफिती दाखवून एक अभ्यास केला होता, २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काय पाहिलं हे थोड्या वेळात बहुतेकांना सांगता येईना. मात्र त्या चित्रफितीने आलेलं दुःख मनात तसंच रेंगाळत होतं. मला ते वाचून खरेदीखताची रात्र आठवली. माझं म्हणणं तिच्या मनात पाच मिनिटंही टिकलं नाही, माझा चढलेला आवाज टिकला. इतक्या वर्षांच्या नात्यात मी रोज संध्याकाळी तेवढाच एक ठसा उमटवत होते.

तोंड उघडण्याआधी तीन प्रश्न

ती चुकीचं काही बोलली की स्वतःला विचारा : यात जिवाला धोका आहे का? यात पैसे जातील किंवा कुठे सही होईल का? यात तिसऱ्या माणसाचं नुकसान होणार आहे का?

तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर सोडून द्या. आज मंगळवार असताना ती शनिवार म्हणते, म्हणू दे. जेवून अर्ध्या तासाने "मला कुणी जेवायला वाढलंच नाही" म्हणते, तर "आत्ताच तर दोन पोळ्या खाल्ल्यास" हे वाक्य गिळा आणि अर्धं केळं द्या. माझं लग्न साताऱ्याला झालं. आईने शेजारच्या काकूंना ते वाईच्या घाटावर झाल्याचं रंगवून सांगितलं, पंगतीसकट. माझ्या नवऱ्याने सवयीने "नाही हो आई, साताऱ्याला" असं दुरुस्त केलं आणि ती गोष्ट तिथेच तुटली. ती पुढे पाऊण तास एक शब्द बोलली नाही. साताऱ्याच्या ऐवजी वाई म्हटल्याने कुणाचं काय गेलं असतं?

हे तीन प्रश्न पाठ व्हायला वेळ लागतो. मी ते फ्रिजवर चिकटवले होते.

गप्प राहायचं म्हणजे करायचं काय

इथे नवीन माणसाची हमखास चूक होते. गप्प राहणं म्हणजे गाल फुगवून स्वयंपाकघरात भांडी आपटणं नव्हे. अबोला हेही भांडणच, आणि त्यांना ते लगेच कळतं. चेहरे वाचण्याची ताकद बऱ्याच जणांत पुष्कळ काळ शाबूत असते. गप्प राहायचं ते फक्त खरं-खोटं या मुद्द्यावर. मायेबद्दल गप्प राहायचं नाही.

पहिलं म्हणजे ओठांवर आलेलं वाक्य थांबवायचं. "अगं, किती वेळा सांगू", "मघाशीच सांगितलं ना", "आठव बरं जरा" ही तीन वाक्यं घरातून हद्दपार करा. मी एक साधा उपाय केला. हाताशी पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि राग आला की एक घोट तोंडात घेऊन तसाच धरायचा. तोंडात पाणी असताना उत्तर देता येत नाही. घोट गिळेपर्यंत दुसरं काहीतरी सुचतं.

मग शरीर. समोरून जा, मागून हाक मारू नका, दचकतात. त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत या. ती खुर्चीत असेल तर तुम्ही मोड्यावर बसा. कमरेवर हात ठेवून उभं राहू नका. टीव्ही बंद करा. हात हातात घेतलेला आवडत असेल तर घ्या.

त्यानंतर त्या बोलण्याच्या मागे काय आहे ते ओळखा आणि तेवढंच बोला. "मला घरी जायचंय" याचा अर्थ दर वेळी पत्ता नसतो. कधी लघवीला जायचं असतं आणि ते सांगता येत नाही. कधी भूक, कधी थंडी, कधी नुसतीच हुरहूर. तिन्हीसांजेला ही कासाविशी वाढते हे डॉक्टरांनाही चांगलं माहीत असतं. म्हणून आधी "वाईची आठवण आली होय?" एवढंच विचारा आणि थांबा. खरंच थांबा. मनात दहा आकडे मोजा. त्यांचं उत्तर जुळून यायला तेवढा वेळ लागतो आणि आपण मध्येच दुसरा प्रश्न घालून सगळं पुसून टाकतो.

त्या दोन महिन्यांनंतर एके संध्याकाळी मी काय केलं ते सांगते. पिशवी तिच्या हातातून घेतली नाही. फक्त म्हणाले, "थांब, मीही चपला घालते." आम्ही दोघी जिना उतरलो. तिच्या दंडाला धरून मी सोसायटीच्या कंपाउंडला लागून चालायला लागले. तीच बोलत होती. ढोल्या गणपतीच्या देवळात गर्दी असेल, नदीला पाणी चढलं असेल, पायऱ्यांवर शेवाळ आहे, तू घसरशील. मी "हो" म्हणत होते. दुसऱ्या फेरीला तिची पावलं जड झाली. तिसऱ्या फेरीत तिने पिशवी आपण होऊन माझ्याकडे दिली. आमच्या स्वयंपाकघरात दिवा लागला होता, खालून खिडकी पिवळी दिसत होती. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "पोचलो एकदाचे." घरात आल्यावर तिने दोन्ही कांदे टोपलीत ठेवले, गणपती देव्हाऱ्यात ठेवला, त्याला हात जोडले. पंचवीस मिनिटं लागली. खरेदीखत दाखवायचे त्या दिवशी रात्रीचे अकरा व्हायचे.

हे रोज जमेलच असं नाही. पावसात जमत नाही, गुडघे दुखत असले की जमत नाही. म्हणून पुढे आम्ही मुळावरच इलाज केला. पाच वाजायच्या आत घरातले सगळे दिवे लावायचे, कारण अंधारून येताना पडणाऱ्या सावल्यांनी ती कावरीबावरी होते. पाचला चहा. लगेच हाताला काम : लसूण सोलायचा, मटार सोलायचे, नाहीतर शेजारच्या दुसरीतल्या मुलाची पाढ्यांची वही तपासायची. पाढे तिचे आजही बिनचूक आहेत. लहानपणापासून घोटलेलं सगळ्यात शेवटी जातं. पिशवीची आठवण आठवड्यातून एकदोनदाच यायला लागली.

चोरीचा आळ

हे जवळजवळ प्रत्येक घरात होतं, म्हणून सविस्तर लिहिते. वस्तू आपणच जपून कुठेतरी ठेवायची, ठेवल्याचं विसरायचं आणि मग ती 'नेली' असं वाटायचं. मधली कडीच गळून गेली की मेंदू ती जागा चोराने भरतो. तुमच्या-माझ्या मेंदूनेही तेच केलं असतं.

आईच्या सोन्याच्या पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये होत्या. "कामवाल्या मावशींनी नेल्या," असं ती म्हणायला लागली, आणि तेही मावशी समोर फरशी पुसत असताना. मी लॉकरची पावती दाखवली. "म्हणजे तूही तिला सामील आहेस." झालं, एका संशयिताचे दोन झाले.

इथे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे. एका कष्टकरी बाईच्या इभ्रतीचा प्रश्न आहे. म्हणून आईपाशी गप्प, पण मावशींपाशी गप्प राहायचं नाही. त्यांना वेगळं बसवून, चहा देऊन, सगळा आजार समजावून सांगा. "आई असं म्हणतील, तो त्यांचा आजार बोलतोय. आमचा तुमच्यावर पूर्ण भरवसा आहे," हे तोंडाने म्हणा. आम्ही ते उशिरा केलं. आधीच्या मावशी तोवर काम सोडून गेल्या होत्या, आणि त्याची टोचणी मला अजून आहे. नव्या मावशी कामाला आल्या त्या दिवशीच मी त्यांना सगळं सांगितलं.

आईपाशी म्हणायचं, "पाटल्या सापडत नाहीत? जिवाला लागतंच गं. चल, बघू या." आणि तिच्याबरोबर शोधायचं. शोधताना तिच्या लपवायच्या जागा लिहून ठेवा. आमच्या यादीत तांदळाचा डबा, उशीचा अभ्रा, देव्हाऱ्याचा खण आणि शिलाई मशीनचं ड्रॉवर आहे. वस्तू तुम्हाला आधी दिसली तरी "बघ, इथेच होती!" असं ओरडू नका. तिला तिथवर न्या, कापड थोडं बाजूला करा आणि तिच्या हाताला ती सापडू द्या. बेन्टेक्सच्या तशाच दिसणाऱ्या पाटल्यांचा जोड आम्ही एका डब्यात ठेवला आहे. डबा मांडीवर घेऊन ती त्या पुसत बसते. कुणी म्हणेल ही फसवणूक झाली. मला तसं वाटत नाही. तिला त्या जवळ असण्याचा धीर हवा असतो आणि तो त्या डब्यात आहे.

मग खोटं बोलायचं का?

"तुझे बाबा अजून कसे आले नाहीत?" या प्रश्नाने मला सगळ्यात जास्त रडवलं. सुरुवातीला मी खरं सांगायचे : बाबा जाऊन सहा वर्षं झाली. ती प्रत्येक वेळी ते पहिल्यांदा ऐकायची. प्रत्येक वेळी तोच हंबरडा. "मला कुणी कळवलं कसं नाही?" एका आठवड्यात तिला चार वेळा वैधव्य आलं आणि ते माझ्या तोंडून आलं. खरं बोलण्याचा आग्रह त्या दिवशी मी सोडला.

मग मी उलट टोकाला गेले. "येतीलच एवढ्यात, ऑफिसात उशीर झाला असेल." हेही फसलं. ती रात्री दहापर्यंत खिडकीत बसून राहिली, ताट झाकून.

मधली वाट मौनाची आहे. "बाबांची वाट बघतेस?" "हो ना." "बाबा घरी आल्यावर आधी काय मागायचे?" "चहा. बिनसाखरेचा." आणि मग ती बाबांच्या चहाबद्दल, त्यांच्या सायकलबद्दल, पगाराच्या दिवशी आणलेल्या पेढ्यांबद्दल बोलत राहते. मी खोटंही बोलले नाही आणि तिला विधवाही केलं नाही.

एक अपवाद मात्र नीट लक्षात ठेवा. एखाद्या दिवशी मन स्वच्छ असतं, नजर ओळखीची असते आणि ती सरळ विचारते, "ते गेले ना गं?" तेव्हा लपवायचं नाही. "हो, आई," म्हणायचं आणि जवळ बसायचं. असं माझ्याशी दोनदा झालं आहे. त्या दोन्ही वेळा ती शांत रडली.

आंघोळ, कपडे, औषध

"माझी आंघोळ झाली" या वाक्याला "नाही झालेली" हे उत्तर नाही. वीस मिनिटं जाऊ द्या. पाणी काढा, मोरीतला दिवा लावा, साबणाचा किंवा उटण्याचा वास येऊ द्या आणि म्हणा, "पाणी निवतंय." बहुतेक वेळा पाय आपोआप तिकडे वळतात. नाहीच जमलं तर ओल्या पंच्याने अंग पुसा. एक दिवस आंघोळ चुकल्याने काही बिघडत नाही.

ब्लाउज उलटा घातला असेल आणि कुठे जायचं नसेल तर राहू द्या. औषध नाकारलं तर हातघाईवर येऊ नका, थोड्या वेळाने पुन्हा द्या. गोळी कुटून जेवणात घालण्याआधी डॉक्टरांना विचारा, काही गोळ्या फोडायच्या नसतात.

जिथे गप्प राहायचं नाही

माणूस एक-दोन दिवसांत, किंवा काही तासांत, एकदम बदलला : भलतंच बडबडतोय, गुंगीत आहे, नसलेली माणसं दिसतायत, अचानक फार चिडलाय. याला 'आजार वाढला' म्हणून गप्प बसू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, नवीन सुरू झालेलं औषध, यातलं काहीही असू शकतं आणि त्यावर इलाज आहे. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उठता-बसता चेहरा आक्रसला, एखाद्या जागी हात लावू देत नाही, तर दुखतंय असं समजा. ते सांगता येत नाही म्हणून माणूस चिडतो आणि आपण त्याला स्वभाव म्हणतो.

आपल्या मनाने किंवा शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून झोपेची अथवा 'शांत करायची' गोळी देऊ नका. लेवी बॉडी नावाच्या प्रकारात काही शामक औषधांनी माणूस लाकडासारखा ताठरतो, जिवावरही बेतू शकतं.

गॅस, रस्ता आणि पैसा. या तिन्हींत धोका खरा आहे, पण इथेही वाद उपयोगाचा नाही. भांडायचं ते वस्तूशी. गॅसवर व्याख्यान देण्याऐवजी रेग्युलेटर बंद ठेवा. संडास-मोरीच्या आतल्या कड्या काढून टाका. स्कूटरची चावी दिसेल तिथे नको. ब्लाउजला किंवा शर्टाला आतून नाव आणि तुमचा फोन नंबर शिवलेली पट्टी लावा. मोबाइलवर ओटीपी मागणाऱ्यांपासून वाचवायचं तर बँक खात्याला तुमचा नंबर जोडून घ्या.

मृत्युपत्र, बँकेत दुसरं नाव घालणं हे माणसाला समजतं आहे तोवरच, त्याच्या संमतीने, वकिलाच्या सल्ल्याने उरका. पुष्कळ लोक कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) करून निर्धास्त होतात. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे ते करून देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की त्यातला अधिकार संपतो. हे आम्हाला खूप उशिरा समजलं.

आणि कुणी त्यांच्यावर हात उगारत असेल, कोंडून ठेवत असेल, मग ते घरातलं माणूस असो की पगारी, तिथे तुमचं मौन हा गुन्ह्यातला वाटा आहे.

येणारी-जाणारी

पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला : "काय मावशी, ओळखलंत का मी कोण?" कृपा करून हे थांबवा. परीक्षेत नापास होण्याची लाज त्यांना अजून कळते. आमच्या दारावरच मी पाहुण्यांना सांगते, नाव आधी तुम्ही सांगा. "मी कमलचा मुलगा, सांगलीहून आलोय." मग आईला बोलायला जागा मिळते. विषय काढायचे ते जुने काढा. चुकलं तर दुरुस्त करू नका.

दूरच्या भावंडांचं निराळं. माझा भाऊ न्यू जर्सीला असतो. रविवारी दहा मिनिटं व्हिडिओ कॉलवर आई त्याच्याशी छान बोलते, कारण चार माणसांत उसनं बळ आणून नीट वागणं यांना बराच काळ जमतं. "मला तर ठीक वाटली, तूच जरा दमानं घे," असं तो म्हणायचा आणि आमचं जुंपायचं. तिथे मी वाद घालणं सोडलं, सांगणं सोडलं नाही. एक वही केली. तारीख, वेळ, काय झालं, कशाने निवळलं. महिन्याच्या शेवटी त्या पानांचे फोटो त्याला पाठवले. दोन महिन्यांनी तो स्वतः तीन आठवडे येऊन राहिला. ती वही डॉक्टरांच्याही कामाला आली, कारण संध्याकाळचे वाईट दिवस आणि पोट साफ न झालेले दिवस एकच आहेत हे त्यातूनच उघड झालं.

तुमचा तोल

सतत गिळलेले शब्द कुठेतरी बाहेर पडले पाहिजेत, नाहीतर ते तुमच्या रक्तदाबात उतरतात. सरकारची ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ आहे, मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६ आहे. दोन्ही मोफत. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ही संस्था १९९२ पासून भारतात काम करते आहे. सांभाळणाऱ्या माणसांच्या गटात एकदा जाऊन बसा. आपल्याच घरचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना छातीवरचं ओझं उतरतं. आठवड्यातले दोन तास तरी कुणाकडे तरी सोपवा. आमच्याकडे रविवारी चार ते सहा माझी नणंद येते आणि मी घराबाहेर पडते. नुसती चालत सुटते.

आणि एवढं सगळं करूनही एखाद्या दिवशी तुमचा आवाज चढणारच. माझाही चढला, मागच्या पावसाळ्यात, रात्री तीन वाजता. ती सातव्यांदा उठून शाळेला उशीर होतोय म्हणत होती. मी ओरडले. ती भिंतीला टेकली, हात जोडले आणि मला म्हणाली, "बाई, माझं काही चुकलं का?" ती मला तिच्या हेडबाई समजली होती.

अशा वेळी स्पष्टीकरण द्यायचं नाही. आवाज खाली आणायचा, खाली बसायचं आणि माफी मागायची, एका वाक्यात. मी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "नाही हो, माझंच चुकलं." ती हळूहळू माझ्याजवळ आली. डोक्यावर हात ठेवला. आता मी तिच्या वर्गातली कुणी मुलगी झाले होते.

"रडायचं नाही. बाराचा पाढा म्हण."

मी म्हणायला लागले. झोपेने डोळे मिटत होते. बारा सत्तेपाशी येऊन मी अडखळले आणि ब्याऐंशी म्हणाले.

"चौऱ्याऐंशी," आई म्हणाली. "पुन्हा, पहिल्यापासून."